अवेळी वाजलेला भोंगा

जीपवर लाउडस्पीकर बांधून ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं सांगत कोणी गल्लीतून गेलं, की अजूनही माझं डोकं फिरतं. नका ठेवू म्हणे. मग कशावर ठेवायचा, ते कोण सांगणार? घाबरलेल्या माणसाला उपदेश नको असतो, बातमी हवी असते. कोणी पाहिलं, कुठं उभं राहून पाहिलं, कधी पाहिलं, आणि आता आम्ही काय करायचं. एवढं सांगायला फार अक्कल लागत नाही. तरी हे नीट सांगणारा साहेब मला नोकरीत असताना आणि नंतरही क्वचितच भेटला. ज्याला ते जमलं नाही असा एक साहेब मात्र मी आयुष्यभर विसरलेले नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. उत्तर नागपुरातल्या एका गिरणी बस्तीत मी ताईकडे राहत होते. ताई माझी सख्खी थोरली बहीण. तिचा नवरा, आमचे भाऊजी, गिरणीत सूतकताईला होते आणि मी तिथल्याच सरकारी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. माझं लग्न झालेलं नव्हतं, मला करायचंही नव्हतं, आणि भाऊजींनी त्यावरून मला कधी एक शब्द ऐकवला नाही. आमच्या खोल्या एका रांगेत होत्या. पाठीमागं उतार आणि उताराखाली नदी. नदी आपली म्हणायची म्हणून. उन्हाळ्यात तिच्यातून शहराचं सांडपाणी वाहायचं आणि पोरं तिच्यावरून उडी मारून पलीकडं जायची. पावसाळ्यात वरच्या अंगाचा तलाव भरून सांडला, की मात्र तिचं रूप पालटायचं. पण तेही दर वर्षीचंच होतं. तलाव सांडल्याची बातमी आली की लोक सायकलवर डबलसीट बसून तो पाहायला जायचे, भाजलेली कणसं खायचे आणि चिंब होऊन परतायचे.

त्या पावसाळ्यात ताईला सातवा महिना होता. आधी दोनदा दिवस राहून मूल टिकलं नव्हतं. या खेपेला मध्येच रक्त गेलं, तेव्हा दवाखान्यातल्या लेडी डॉक्टरनं मला आणि भाऊजींना समोर उभं करून बजावलं होतं. गर्भाची वार खाली आहे, हिनं बाजेवरून उठायचं नाही, कुठल्याही कामासाठी नाही. धक्का बसला, कुठं चढउतार झाली, तर मूल जाईल, कदाचित हीसुद्धा जाईल. म्हणून आम्ही बाजेच्या पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली विटा घातल्या होत्या. पाय उंच आणि डोकं खाली अशी ताई महिनाभर पडून होती. भाऊजी पाळीवरून आले की तिला भात भरवायचे. ताई मला म्हणायची, “तुह्या शाळेतल्या पोरायपेक्षा मी गुणाची हावो वं. पाह्य, जागची हालत नाही.”

आता भोंग्याचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. गिरणीचा भोंगा हे आमच्या बस्तीचं घड्याळ होतं. त्यावर पोरं उठायची, डाळ चुलीवर चढायची आणि पाळ्या बदलायच्या. पण भोंगा अवेळी वाजला, तर गिरणीत काहीतरी वाईट घडलं असं समजायचं. बॉयलरजवळ माणसं भाजली तेव्हा तो असा वाजला होता. कापसाच्या गोदामाला आग लागली तेव्हा वाजला होता, आणि त्या आगीत भाऊजींचे वडील गेले होते. तेव्हापासून बस्तीत रीतच पडली. अवेळी भोंगा ऐकला की हातातलं टाकायचं, कोणाला काही विचारत बसायचं नाही, लेकरं उचलायची आणि उघड्यावर निघायचं. नवी सून घरात आली की तिला चूल कुठं आणि नळ कुठं हे सांगताना सासू हेही सांगून ठेवायची.

त्या आठवड्यात पाऊस थांबायचं नावच घेत नव्हता. आकाश इतकं खाली आलेलं होतं, की दुपारीसुद्धा वर्गात फळा नीट दिसत नव्हता. शाळा लवकर सोडावी लागली. घरी येताना मला नदीचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला. एरवी तो कधी येत नसे. पुलाजवळ बरीच माणसं उभी होती, पण कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ती गप्प गर्दी पाहून मी पावलं उचलली.

गुजरातेत धरण फुटून एक शहर चिखलाखाली गेल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्याची वर्तमानपत्रातली छायाचित्रं आमच्या पानठेलेवाल्यानं कापून ठेल्याच्या फळीवर चिकटवली होती. ती वर्षभर तिथंच होती आणि कोणी त्यांच्याकडं ढुंकून पाहत नव्हतं. त्या दुपारी सगळे तिथंच उभे राहून ती पाहत होते.

अफवा कोणी सुरू केली, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी एकानं सुरू केली असेल असंही आता वाटत नाही. जरीपटक्याच्या बाजारातून आलेली एक बाई म्हणाली, तिथले दुकानदार शटर ओढून राहिले. ते ओढतच होते, कारण दुकानात पाणी शिरत होतं. कोणी म्हणालं, कामठीच्या छावणीतून मिलिटरीच्या गाड्या शहराकडं निघाल्या. त्याही निघाल्या होत्या, कारण त्या रोजच स्टेशनावर सामान घ्यायला जायच्या. आम्ही रोज त्यांच्या धुराखालून शाळेत जात होतो. पण त्या दिवशी बस्तीनं त्या गाड्या जणू पहिल्यांदाच पाहिल्या. सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यांची बेरीज तेवढी खोटी होती. तलावाची पाळ फुटली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते सांगणाऱ्या माणसाचा आवाज अगदी शांत होता, आणि त्यामुळंच मला जास्त भीती वाटली.

मी छत्री घेऊन पोलीस चौकीत गेले. मास्तरीण असल्यामुळं मला तिथं बसायला खुर्ची मिळायची. शिपाई ओळखीचा होता, त्याची पोरगी माझ्याच वर्गात होती.

“तलावाचं काय खरं हाये, सांगा जी,” मी विचारलं.

“वरून काई सांगतलं नाही, बाई.”

“म्हणजे तलाव ठीक आहे?”

“तसं बी सांगतलं नाही.”

समोर टेबलावर फोन होता. मी म्हणाले, विचारा ना वर. तो म्हणाला, वरचा फोन आला तर आपण घ्यायचा, आपण होऊन लावायचा नाही. मग जरा खाली वाकून मला म्हणाला, “माह्या बायकोले मी सकाळीच तिच्या माहेरी धाडलं.” आता सांगा, त्यानं मला काय सांगितलं? सरकार गप्प बसतं तेव्हा लोक सरकारच्या तोंडाकडं पाहत नाहीत, सरकारच्या माणसाच्या बायकोकडं पाहतात. माझ्यासारखी शिकलेली बाई चौकीतून बाहेर पडली, ती आत शिरताना होती त्याच्या दुप्पट घाबरून.

तरी बस्तीत येऊन मी पानठेल्याजवळ उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, की काही झालेलं नाही, तलाव फुटल्याची कसलीही खबर चौकीत नाही. आमच्या शेजारचे म्हातारे बाबा तिथं होते. त्यांनी मला विचारलं, “तुमी पाह्यलं का, मास्तरीणबाई?”

“नाही, बाबा.”

“पोलिसानं पाह्यलं का?”

“नाही.”

“मंग पाह्यलं कोनं?”

बाबा काही मला खिजवत नव्हते. त्या सगळ्या दिवसात विचारलेला एकमेव शहाणा प्रश्न तोच होता. बस्तीनं तो आधीच विचारून दोन तरण्या माणसांना सायकलीवर तलावाकडं धाडलं होतं, आणि ती परत आली नव्हती. पुढं कळलं, की तलावाच्या पाळीवर गर्दी नको म्हणून रस्ता अलीकडंच अडवून ठेवला होता आणि या दोघांना तिथं पावसात उभं करून ठेवलं होतं. पाहायला बंदी होती. आम्हाला मात्र एवढंच माहीत होतं, की गेलेले परत आले नाहीत. त्यानंतर माझं कोण ऐकणार होतं?

घरी आले तेव्हा गल्ली निम्मी रिकामी झाली होती. लोक आरडाओरडा करत नव्हते. दाराला कुलपं लावत होते, शेळ्या सोडत होते, पोरांच्या डोक्यावर पोती पांघरत होते आणि रेल्वेच्या भरावाकडं चालायला लागत होते. आमच्याकडं सगळ्यात उंच जागा तीच होती. जाता जाता प्रत्येक जण आमच्या दारात थांबून आत पाहायचा. ताई बाजेवर पडून एकेकाकडं पाहत होती.

भाऊजी दाराच्या आत उभे होते, चेहरा काळवंडलेला.

“काय म्हणते चौकी?” त्यांनी विचारलं.

“त्यांना काही माहीत नाही. हिला हलवायचं नाही, भाऊजी.”

“अन् पानी आलं तं?”

“आलेलं नाही.”

“आलं तं काय करशीन, सांग ना. इतं पोहणार हाये का आपन तिघं?”

“डॉक्टरीण काय म्हणाली होती ते तुम्ही ऐकलं होतं ना?”

असं आम्ही दोघं कितीतरी वेळ भांडलो. दोघांचंही खरं होतं, हेच वाईट होतं. हलवावं तर बाळ जाणार होतं, न हलवावं आणि पाणी यावं तर चौघंही जाणार होतो. मी दारात आडवी उभी राहिले. शेवटी भाऊजी ताईच्या उशाशी खाली बसले. “ठीक हाये,” ते म्हणाले, “रायतो इतंच.” माझा जीव जरा खाली पडला. बाहेर आता कोणीच नव्हतं. नुसता पाऊस आणि नदी ऐकू येत होती. गल्लीत एका घराचं दार उघडं राहिलं होतं, ते वाऱ्यानं आपटत होतं.

आणि भोंगा वाजला.

कुठल्याच पाळीची ती वेळ नव्हती. तो वाजायला लागला आणि थांबेचना. भाऊजी उभे राहिले, म्हणजे विचार करून नाही, त्यांचं शरीरच उभं राहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मला कळलं, की आता या माणसाशी वाद घालून उपयोग नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही, ताईकडं पाहिलं.

ताई म्हणाली, “उचला मले.”

भाऊजींनी रस्त्यावर जाऊन ओरडून माणसं बोलावली. पुलाकडून पळत येणारे तिघं थांबले. त्यांतल्या एकाला तर आम्ही कधी पाहिलंही नव्हतं. चौघांनी बाज उचलली, तेव्हा खालच्या विटा धपकन पडल्या. मी ताईवर ताडपत्री धरून बाजूनं पळत होते. रस्ता चिखलानं निसरडा झालेला, आणि पुढं मागं माणसंच माणसं. भोंगा ऐकून आता जे घरात थांबले होते तेही निघाले होते. एकदा पुढच्या माणसाचा पाय घसरला आणि बाज जोरात आपटली. ताईनं माझं मनगट धरलं. ती ओरडली नाही, नुसतं “हळू” म्हणाली. भरावाचा चढ आला, तेव्हा बाज तिरपी झाली. आम्ही महिनाभर जी उंच ठेवली होती, ती तिची पायाकडची बाजू खाली गेली. मला ते दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. इतकी असहाय मी पुन्हा कधी झाले नाही.

वर रुळांशेजारी बस्ती उभी होती. सगळे खाली नदीकडं पाहत पाण्याची वाट पाहत होते. पाणी आलं नाही. आला तो जीपचा आवाज. भरावाखालच्या रस्त्यानं ती हळूहळू येत होती आणि तिच्यावरच्या लाउडस्पीकरवरून एक माणूस सांगत होता, तलाव सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका, कोणालाही कसलीही इजा झालेली नाही, आपापल्या घरी जा. मी ताईच्या अंगावरची चादर सारली, तर बाजेच्या सुतळीतून रक्त खाली टपकत होतं.

भाऊजी भरावावरून घसरत खाली गेले आणि जीपसमोर उभे राहिले. मागं या भागाचा सरकारी साहेब बसला होता, तिशीचा असेल, चष्म्यावर पाणी आलेलं. त्यानं वर बाजेकडं पाहिलं आणि काही न विचारता खाली उतरला. “आधी त्यांना घ्या,” म्हणाला आणि स्वतः पावसात उभा राहिला. हा त्याचा चांगुलपणा मी नाकारत नाही. आम्ही ताईला मागच्या बाकड्यावर आडवं घातलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. पुढं ड्रायव्हरशेजारी माइक धरून बसलेला माणूस एरवी सिनेमाच्या जाहिराती करत फिरायचा. त्यानं मागं वळून एकदा रक्त पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग काय करावं हे त्याला कळेना, आणि थांब असंही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो पुन्हा बोलायला लागला. दवाखाना येईपर्यंत सगळ्या रस्त्याला तो सांगत होता, कोणालाही कसलीही इजा झालेली नाही. मी त्याला थांबवलं नाही. माझे हात ताईच्या हातात होते.

मुलगी झाली. ती रडली नाही. ताई वाचली.

पुढच्या आठवड्यात साहेबानं माझ्याच वर्गात सभा घेतली. लोक पोरांच्या बसायच्या पट्ट्यांवर मांड्या घालून बसले होते, मी फळ्याजवळ उभी होते. साहेबानं सुरुवातीला चांगलं भाषण केलं. तलाव कसा मजबूत आहे, पाळीची देखरेख कशी होते, सगळं त्यानं सांगितलं. त्यातलं निम्मं जरी त्या दुपारी सांगितलं असतं तर पुरे होतं. मग त्यानं विचारलं, ही अफवा तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितली, घाबरू नका, नाव सांगा.

लोक एकमेकांकडं पाहायला लागले. भाऊजी उभे राहिले.

“साहेब, लोकायचं आमी ऐकलं नव्हतं. आमी घरीच बसलो होतो. तुमचा भोंगा ऐकला अन् मंग निघालो.”

साहेब गोंधळला. “पण भोंगा तर मी गिरणीला सांगून तुम्हाला बोलावायला वाजवायला लावला होता. सगळे गिरणीच्या फाटकाशी जमा व्हावेत आणि काही झालेलं नाही हे सगळ्यांना एकदमच सांगता यावं म्हणून.”

अवेळी भोंगा म्हणजे काय, हे त्या वर्गातल्या पट्टीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. साहेबानं सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि मग त्याला ते हळूहळू उमगलं असावं. त्यानं चष्मा काढला. “मला हे कोणी सांगितलं नाही,” तो म्हणाला.

“तुमी इचारलं नाही जी,” भाऊजी म्हणाले आणि खाली बसले.

तेव्हा मी बोलले, आणि चांगलीच चिडून बोलले. पुन्हा असं झालं तर भाषण नको, म्हणाले. बस्तीतली दोन माणसं तुमच्या जीपमध्ये घाला, त्यांना तलावाच्या पाळीवर नेऊन उभं करा आणि परत आणून सोडा. त्यांनी पाहिलं म्हटल्यावर तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही. आणि तुम्हाला माहीत नसेल तेव्हा माहीत नाही म्हणून सांगा, पण कधी कळवणार तेही सांगा. साहेबानं मान हलवली. नंतर त्याची बदली झाली. तो दुष्ट नव्हता, हे मला मान्य आहे. तरी मला त्याचा राग आला होता आणि तो गेलेला नाही.

सभेनंतर मी आणि भाऊजी घरी आलो. ताईला त्याच सकाळी दवाखान्यातून आणलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. इतक्या दिवसांनी तिला बसलेली पाहणंसुद्धा आम्हाला जड गेलं.

“काय म्हणे साहेब?” तिनं विचारलं.

“खोटं होतं म्हणे सारं,” भाऊजी म्हणाले.

“ते तं मले तवाच वाटत होतं. इतक्या वर्षात कधी आलं नाही पानी, तं आताच काहून येईन.”

मी तिला विचारलं, “मंग ‘उचला मले’ काहून म्हणाली वं तू?”

“तुमी दोघं मले सोडून गेले असते का?” ती म्हणाली. “नसते गेले. अन् माह्यं वाटनं चुकीचं निंगालं असतं तं दोघंबी माह्यापायी बुडाले असते. माह्या वाटन्यावर मी तुमचा जीव कसा ठिवू?”

भाऊजी दारातच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. इतके दिवस ते रडले नव्हते. ताई त्यांच्याकडं पाहत होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग ती माझ्याकडं वळली. दवाखान्यात मुलगी तिला कोणी दाखवली नव्हती, कापडात गुंडाळून माझ्याच हातात दिली होती.

“कोणासारखी दिसे वं?” तिनं विचारलं.

“तुह्यासारखी,” मी म्हणाले. ते खरंच होतं.